नावाचा रकाना

२४ सप्टेंबर १९९४, शनिवार

प्रेसवाल्याकडे, म्हणजे खालच्या गराजमध्ये राहून ब्लॉकचे कपडे इस्त्री करणाऱ्याकडे, सुरतेहून चार माणसं आली. भाऊ, भावजय, दोन मुली. स्टेशनवरून थेट, गाठोड्यांसकट. मी बाल्कनीतून पाहिलं तेव्हा मोठी मुलगी गराजच्या नळावर तोंड धूत होती. दहा मिनिटांत सूद आंटी आमच्या दारात — "सरवदे जी घर पर हैं? देखा आपने? सूरत से! प्लेग लेके आए हैं!"

बाबा आमच्या या दिल्लीतल्या ब्लॉकच्या असोसिएशनचे प्रधान. दोन वर्षांपूर्वी कुणीच तयार नव्हतं म्हणून त्यांना केलं. आजवरचं काम म्हणजे पाण्याची टाकी, होळीची वर्गणी, कुणाची स्कूटर कुठे लावायची. बाबा म्हणाले, "देखते हैं." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ऑफिसात तीस वर्षं फायलींवर हेच लिहीत आले असणार.

प्लेग "घेऊन" येत नाही कुणी. पिशवी आहे का ती? — हे इथे लिहिते आहे, कारण आंटींच्या तोंडावर बोलले नाही.

२५ सप्टेंबर, रविवार

रविवार असून लॅब चालू. प्लेगच्या संशयितांच्या थुंकीचे नमुने यायला लागले. आमच्या प्रमुख डॉ. विजयालक्ष्मींनी सगळ्यांना उभं करून नियम पुन्हा सांगितला. नमुन्यावर फक्त नंबर. नाव-पत्ता रजिस्टरमध्ये, रजिस्टर त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. टेबलावर नाव आलं की डोळ्याला हवं तेच दिसायला लागतं, म्हणाल्या. पेशंटची अब्रू राहते, निकालही शुद्ध राहतो. मला हा नियम आवडतो. सगळ्या कामात असाच एखादा हवा.

परतताना बसमध्ये लॅबमधल्या अरुणाशी मराठीत बोलत होते. समोरच्या बाईनं विचारलं, "कहाँ के हो आप लोग?" अरुणानं सांगितलं, महाराष्ट्र. बाई पदर नाकाला लावून दुसऱ्या सीटवर! आम्ही हसलो. नंतर हसू आलं नाही.

२६ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी पार्कात ब्लॉकची मीटिंग. तीसेक माणसं, अर्ध्यांच्या नाकाला रुमाल. सूद साहेब — मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, सगळी वाक्यं आदेशासारखी — म्हणाले, "ये गंद साफ करना पड़ेगा." मला वाटलं कचऱ्याबद्दल बोलताहेत. ते गराजमधल्या माणसांबद्दल बोलत होते. मागून कुणीतरी, "चूहे आते हैं तो अकेले नहीं आते जी." हशा.

बाबांनी तोडगा काढला : आधी यादी करू. १ सप्टेंबरनंतर गुजरात-महाराष्ट्रातून जे आले, किंवा ज्यांचा संशयित रुग्णाशी संबंध आला, त्यांची नोंद. ताप असेल तर डॉक्टर. घरी आल्यावर मला म्हणाले, "वीणा, तक्ता तू कर. तुझं काम नीट असतं."

केला. रकाने — क्रमांक, कुठून आले, कधी, ताप, खोकला. नाव मुद्दाम ठेवलं नाही. कुणाची बदनामी नको. पट्टीनं रेघा मारल्या, लाल शाईत शीर्षक. छान दिसतोय. खरंच छान दिसतोय.

२८ सप्टेंबर, बुधवार

तक्ता भरून दुधाच्या बूथपाशी फळ्यावर लागला. सूद साहेब आणि चौकीदार फिरले — पण फक्त गराजांमधून! सात माणसं. एक ते तीन माळ्याकडचे, चार ते सात प्रेसवाल्याकडचे. सूद साहेबांचा जावई गेल्या गुरुवारी मुंबईहून आला, तो सुरतेवरूनच आला असणार, गाडी काय हवेतून उडते? तो यादीत नाही. हे मला पाहताक्षणी दिसलं. बोलले नाही. तक्त्यात चूक नाही, भरण्यात चूक आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

बूथवर रांगेत ऐकलं, "चार नंबर पूरी रात खाँसता है." "पाँच नंबर ने आज नल छुआ था." खाली मुलांचा नवा खेळ — "चार नंबर ने छू लिया! मर गया!"

दोन दिवसांपूर्वी हेच लोक निदान "प्रेसवाले का भाई" म्हणत होते.

२९ सप्टेंबर, गुरुवार

लॅबला निघताना बाल्कनीतून पाहिलं, खाली गाडी उभी. फोन सूद साहेबांनी केलेला. तोंड बांधलेले दोघे चार नंबरला घेऊन गेले, साथीच्या रोगांच्या इस्पितळात. चालत गेला. हातात स्टीलचा डबा. दोन्ही मुली गराजच्या दारात. प्रेसवाला गाडीच्या खिडकीशी वाकून त्याला काहीतरी सांगत होता, मग एकदम मान वर करून आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हात जोडणार. मी आत आले.

त्याला ताप नव्हता. रकान्यात स्पष्ट लिहिलंय — ताप : नाही. खोकला कापडगिरणीतल्या माणसाला नसेल तर कुणाला असेल!

३० सप्टेंबर, शुक्रवार

आज नमुने १०४ ते १३९. पाठ एक झाली. मायक्रोस्कोपखाली काचेवर काही नाही एकाच्याही. पण काच पुरत नाही, ताटलीत जंतूंचं कल्चर वाढतं का हे बघायला तीन दिवस लागतात. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. वर्तमानपत्रवाल्यांना तेवढा धीर नाही, ब्लॉकला तर नाहीच.

१ ऑक्टोबर, शनिवार

जिन्यात सूद आंटींनी अडवलं. "बेटा, तू तो उसी लाइन में है. चार नंबर को प्लेग है ना?"

मी म्हटलं, "आंटी, मैं बता नहीं सकती."

खरं तेच सांगितलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सांगायची परवानगी नाही. तासाभरात आई बूथवरून संतापून आली. "काय सांगितलंस तू त्या बाईला? सगळीकडे म्हणतेय, वीणा ने भी मना नहीं किया!"

दुपारपर्यंत लोकांनी प्रेसच्या टेबलावरून आपापले कपडे उचलले, काही न झालेले, काही ओले. संध्याकाळी गराजच्या नळाला कुलूप. किल्ली कुणाकडे, कुणालाच माहीत नाही म्हणे.

आणि दिल्लीत औषधाच्या दुकानात प्लेगवरचं टेट्रासायक्लिन नाही. ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्या कपाटात असेल सगळं.

२ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. सूद साहेब टाइप केलेलं पत्र घेऊन आले. इंग्रजीत. अर्थ असा की ब्लॉकच्या आवारातील अस्वच्छ व धोकादायक घटक आरोग्याच्या हितासाठी त्वरित हटवावेत, आणि प्रेसच्या टेबलाला असोसिएशननं दिलेली परवानगी रद्द समजावी. खाली बत्तीस सह्या. प्रधानांची जागा मोकळी.

बाबा चष्मा लावून वाचत बसले. पेन्सिलीनं एक स्वल्पविराम घातला! मी वैतागले. म्हटलं, "बाबा, दुरुस्त काय करताय? फाडा!"

"थांब जरा." मग सूद साहेबांना म्हणाले, "सूद साहब, इसमें आदमी कहाँ है?"

"जी?"

"किसको हटाना है, लिखा ही नहीं. 'एलिमेंट' को नोटिस कैसे दूँ? ज्याच्यावर कारवाई त्याचं —" मराठीत घसरले, मग सावरून, "जिस पर ऐक्शन हो, उसका नाम चाहिए. फाइल में मैं ऐसा काग़ज़ आगे नहीं भेजता."

"नाम से क्या फ़र्क पड़ता है यार, लिस्ट में नंबर तो है. चार से सात."

ते गेल्यावर बाबांनी माझ्या तक्त्याची प्रत मागितली. "नावाचा रकाना कुठे आहे?"

मी लॅबचा नियम समजावला. नीट, पायरीपायरीनं. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये त्या नंबरामागे कुलपात एक रजिस्टर असतं. इथे कुठे आहे?"

बाबांचा राग आला. इतकं कळत होतं तर सोमवारीच का नाही म्हणालात! हे मात्र मोठ्यानं म्हणाले. आई स्वयंपाकघरातून, "तूही सोमवारी इथेच होतीस."

३ ऑक्टोबर, सोमवार

१०४ ते १३९ची कल्चर उघडली. एकाही ताटलीत प्लेगचा जंतू नाही. छत्तीस निकाल, छत्तीस सह्या. दुपारी अडीचपर्यंत पाठवणीच्या पेटीत. तिथून इस्पितळात कधी पोचतील हे माझ्या हातात नाही. चांगलं काम झालं. हाताला तेवढाच थकवा.

राजाभाऊकाकांचं बीडहून पोस्टकार्ड, साथ जिथून सुरू झाली म्हणतात तिथून. सगळे ठीक, दसऱ्याला येऊ का, विचारतात. पोस्टमननं दोन बोटांत धरून उंबऱ्यावर टाकलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

बाबा ऑफिसातून आले ते चहा न घेताच तक्ता आणि पेन घेऊन मागे गराजकडे गेले. दीड तासानं परतले. शर्टाला कोळशाचा डाग. तक्त्याच्या समासात, रेघांच्या बाहेर, त्यांच्या बारीक अक्षरात —

४. सजीवन, वय ३४, लूमवर कामगार, इस्पितळात. ५. त्याची बायको फूलमती. ६. मुलगी गुड्डन, वय ११, पाचवीत होती. ७. मुन्नी, वय ४.

आणि खाली, नंबर नसलेले : भगौती, कपडे प्रेस, इथे १९८३पासून. पत्नी रामकली.

भगौती. अकरा वर्षं माझे सगळे कपडे त्यानं प्रेस केले. मुलाखतीचा सलवार-कमीज, लॅबचे एप्रन. माझ्या तोंडी तो "प्रेसवाला" आणि या वहीतही तोच. मागची पानं चाळून पाहिली. आहेच.

बाबा म्हणाले, आजपासून पाणी आपल्या घरून. मुली बादल्या घेऊन येतील. आई म्हणाली, दोन नव्या बादल्या आणा मग, आपणच भरून खाली नेऊ, पोरींना चार जिने कशाला.

जेवताना बाबा एकदम बोलायला लागले. "गावात आमच्या वस्तीला नाव नव्हतं. म्हणजे होतं आमचं आम्हाला. पण गाव म्हणायचं, तिकडचे. तिकडचा एक पाठवा. तिकडची गुरं मेली का? कुणी मेलं तरी तिकडचं एक गेलं. मला माझ्या आजोबांचं नाव शाळेच्या दाखल्यावर पहिल्यांदा दिसलं." मग भात मागितला.

सव्वीस वर्षांत हे मला सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं, चेहऱ्यावरून कळलं. मी भात वाढला. विचारायला हवं होतं का?

५ ऑक्टोबर, बुधवार

मीटिंग. झाली ती अशी.

बाबांनी पत्र वर धरलं. म्हणाले, सही करणार नाही. गलका. मग म्हणाले, यादी अपुरी आहे, पुरी करून वाचतो. आणि वाचली. नंबर नाही, नावं. माळ्याकडची तीन, सजीवन, फूलमती, गुड्डन, मुन्नी. प्रत्येकाचं वय, काम. "नंबर आठ — श्री. राकेश, सूद साहब के दामाद, बाईस सितंबर, बंबई से, वाया सूरत."

सूद साहेब उभेच राहिले. "ये क्या बकवास है! वो इंजीनियर है!"

"लिखा है साहब. काम, इंजीनियर. बुख़ार, नहीं."

कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत.

"नंबर नौ — कुमारी वीणा सरवदे. मेरी बेटी. रोज़ संदिग्ध नमूनों के संपर्क में. सबसे पहला नाम इसका होना चाहिए था. मैंने ही नहीं लिखा, ये मेरी ग़लती है. अब बताइए, इन नौ में से किस-किस को हटाना है? नाम लेके बताइए."

कुणी नाव घेतलं नाही. मला विचारलं नव्हतं त्यांनी! तीस जोड्या डोळे माझ्याकडे, आणि शेजारच्या मिश्रा आंटी, ज्यांच्या मुलीला मी गणित शिकवलं, इंचभर सरकल्या. इंचभरच. मोजण्याची सवय.

मागून कुणीतरी, "महाराष्ट्र से ही तो शुरू हुआ है ये सब." सूद साहेब, "असली बात अब निकली! अपनों को बचा रहे हैं!"

बाबा म्हणाले, "हाँ. अपनों को." आणि खाली बसले. सूद साहेब म्हणाले, नवीन प्रधान निवडा. बाबा म्हणाले, निवडा, पण तोवर परवानगी कायम, आणि नळाचं कुलूप आत्ता निघेल. चौकीदारानं किल्ली काढली. त्याच्याच खिशात होती!

पाणी आलं. चार दिवसांनी. मिश्रा अंकल जाता जाता हळूच, "भगौती नाम है उसका? अच्छा…"

बाबांवर रागही आहे, आणि झोप येण्याइतकं बरंही वाटतंय.

६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सहाला गराज रिकामं. प्रेसचं टेबल उलटं पडलेलं, एक पाय मोडका. राख सगळीकडे. दारावर खडूनं मोठा ४.

माळी म्हणाला, मीटिंगनंतर कुणीतरी टेबल उलथलं, शेगडी मुलींच्या दिशेनं लाथाडली. रामकली म्हणाली म्हणे, पानी मिलेगा तो क्या, रोज़ मीटिंग होगी क्या? पहाटे निघाले. कुठे? "मालूम नहीं जी."

बाबा ऑफिसला गेले नाहीत. टेबलाचा मोडका पाय घेऊन पायरीवर बसून होते. म्हणाले, "नऊ दिवस उशीर केला मी." मी म्हणणार होते की नाही बाबा. हिशोब केला. सव्वीसपासून पाच. नऊच होतात.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आमच्या दारावर ९. कामवाली आली नाही. दूधवाला बाटल्या जिन्याखाली ठेवून गेला. आई ओल्या फडक्यानं खसाखसा दार घासत होती. "भाषणं ठोकायला तुम्ही बापलेक, दार पुसायला मी! आणि पुसून जात पण नाहीये नीट!" मग तिथेच बसून रडली. मी फडकं घेतलं. पाच महिने झालेत रंग लावून, खडूसोबत तोही निघाला.

१० ऑक्टोबर, सोमवार

साथ ओसरते आहे. काल राजाभाऊकाकांना कळवलं, या. डॉ. विजयालक्ष्मींनी अहवालासाठी रजिस्टर माझ्या हातात दिलं. पहिल्यांदाच. नंबर आणि नावं जुळवून तक्ता करायचा. "तुझं काम नीट असतं," त्याही म्हणाल्या.

११७ — सजीवन, पुरुष, ३४. पत्ता : आर. के. पुरम, आमचा सेक्टर, आमचा ब्लॉक, गराज.

निकाल : नाही. तारीख ३ ऑक्टोबर. सही माझी.

तीन तारखेला, अडीच वाजता, मी ते हातात धरलं होतं. मीटिंगच्या दोन दिवस आधी. डॉक्टरांना विचारलं, रजिस्टर मागितलं असतं तर दिलं असतं? म्हणाल्या, "मागितलं असतंस तर कारण विचारलं असतं. कारण होतं का तुझ्याकडे?"

होतं. त्यासाठी त्याचं नाव तेव्हा माहीत असायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

सजीवन आला. स्टीलचा डबा, डिस्चार्जचा कागद. गराजसमोर उभा होता, मला बघून हसला. "आप ही हैं ना दीदी? डॉक्टर साहब ने काग़ज़ पढ़के बताया, नीचे सरवदे लिखा है. भैया ने गाड़ी में बैठाते बखत बोला था, घबराना मत, ऊपर वाले साहब की बिटिया उसी लैब में है, तुम्हारा नाम देखते ही सँभाल लेगी. सँभाल लिया आपने."

मग गराजच्या दाराकडे पाहिलं. "ये लोग कहाँ गए दीदी?"

माझ्या तक्त्यात कुठून आले याला रकाना आहे. कुठे गेले याला नाही.